पूजा कधी आहे ते विचारू नका, हमाल गावी कधी जातो ते विचारा

वाचकाचं पत्र

सोलापुरात आमचा टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे. गेल्या हंगामात सगळीकडून मार खाल्ला. कोलकात्याच्या पार्टीच्या ४२ गाठी, वजन २,५२० किलो, बिल ९,४५,००० रुपये अधिक जीएसटी, १२ सप्टेंबरला पार्ट लोडने (इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत) बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, करून पाठवल्या. त्या २६ला संध्याकाळी तिकडच्या ट्रान्सपोर्ट गोदामात लागल्या. पार्टीने पूजा संपल्यावर उचलल्या, वर दर पाडून मागितला. त्याआधी २३ तारखेला ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली म्हणून वाटेत गाडी अडवली होती, त्याचा ९४,५०० रुपये दंड वेगळा. हॅम्बुर्गचा कंटेनर दोनदा रोल झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर न चढता पुढच्यावर ढकलला गेला, आणि एलसीतली (खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रातली) शिपमेंटची तारीख गेली. यंदा जानेवारीत चीनमधून मागाचे सुटे भाग मागवले, ते एप्रिलमध्ये आले. आता २०२६चा हंगाम समोर आहे. माल नेमका किती दिवस आधी काढायचा?

उत्तर

एक आकडा सांगितला तर तो कोलकात्याला बरोबर आणि हॅम्बुर्गला चूक ठरेल, म्हणून तुमच्या मालाची उलटी मोजणीच करून दाखवतो. त्याआधी एक गोष्ट. तुम्ही पूजेची तारीख पाहून माल काढलात. मालाला मात्र तीन ठिकाणची माणसं लागतात: तुमच्याकडे गाठी बांधणारी, वाटेत गाडी चालवणारी आणि पोचल्यावर उतरवून घेणारी. या तिघांचे सण वेगळे आणि कॅलेंडरवर लाल रंगात छापलेल्या दिवसाच्या बरेच आधी ती जागेवरून उठलेली असतात.

गेल्या वर्षीची डायरी यंदा उघडू नका. या वर्षी अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे पुढचे तिथीवरचे सगळे सण अठरा-एकोणीस दिवसांनी लांबलेत. २०२५मध्ये दुर्गापूजेची षष्ठी २८ सप्टेंबरला होती, यंदा ती १७ ऑक्टोबरला आहे. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरवर गेला, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर. युरोपचा नाताळ आणि चीनची १ ते ७ ऑक्टोबरची सुट्टी मात्र जागची हललेली नाही. म्हणजे कोलकात्याच्या मालाला यंदा जवळपास तीन आठवडे जास्त मिळालेत, हॅम्बुर्गच्या मालाला एक दिवसही नाही. दोन्ही माल एकाच गाठप्रेसवर बांधता ना? मग ऑगस्टमध्ये एकमेकांच्या अंगावर येणार. ते पुढे पाहू.

आधी कोलकाता. बडाबाजारातला घाऊक व्यापारी पूजेच्या आठवड्यात विकत नसतो, त्या आठवड्यात विकतो तो किरकोळ दुकानदार. घाऊकवाल्याला तुमच्या गाठी फोडून, वाटे करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायच्या असतात आणि त्याचा हा धंदा महालयाच्या (पूजेआधीच्या अमावास्येच्या) आत आटपलेला असतो. यंदा महालया १० ऑक्टोबरला आहे. त्याच्या हातात किमान चार आठवडे हवेत, म्हणून १० सप्टेंबरला शेवटची गाठ त्याच्या गोदामात पडली पाहिजे. गेल्या वर्षी ती षष्ठीच्या दोन दिवस आधी आली. त्या दिवसांत शहरात मालट्रकवर पोलिसांचे निर्बंध असतात, बाजारातले हमाल गावाकडे निघालेले असतात आणि व्यापाऱ्याच्या डोक्यात उधारी वसूल करण्याशिवाय दुसरा विषय नसतो. त्याने माल पूजेनंतर उचलला यात त्याचा खोडसाळपणा शोधू नका. दर पाडून मागितला तो मात्र संधी साधून, त्याची सोय आधीच ऑर्डरवर करून ठेवायची: माल अमुक तारखेपर्यंत पोचला तर ठरलेला दर, त्यानंतर अमुक टक्के कमी. हे लिहिलेलं असलं की वाद निदान आकड्यावर तरी होत नाही.

१० सप्टेंबर धरण्याला आणखी एक कारण आहे. १७ सप्टेंबरला बंगालमध्ये विश्वकर्मा पूजा असते. ती तिथीवर नाही, सूर्यसंक्रांतीवर चालते, म्हणून अधिक मास आला तरी जवळपास याच तारखेला येते. आपल्याकडे खंडेनवमीला गाड्या-अवजारं पुजतात, तसा तो गॅरेज, गोदामं आणि ट्रकवाल्यांचा दिवस. झारखंड-बिहारकडचे ड्रायव्हरही तो पाळतात. आपल्याकडच्या कॅलेंडरवर त्या दिवशी काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे सोलापूरहून पाहणाऱ्याला हा खड्डा दिसत नाही. तुमच्या १२ सप्टेंबरच्या गाठी तेव्हा नेमक्या वाटेत होत्या.

आता वाट. सोलापूर-कोलकाता सुमारे अठराशे किलोमीटर. फुल गाडी दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर धरली तर सहा दिवसांत जाते. पार्ट लोडला तुमचा माल आधी सोलापूरच्या गोदामात गाडी भरेपर्यंत थांबतो, मग मधल्या हबवर, म्हणजे गाडी बदलण्याच्या गोदामात, उतरतो, तिथे पुन्हा कोलकात्याची गाडी भरेपर्यंत थांबतो. एरवी दहा-अकरा दिवस लागतात, हंगामात चौदा-पंधरा. हंगामात खोळंबा रस्त्यावर फारसा होत नाही, तो हबवर होतो, कारण तिथे सगळ्यांच्याच गाठी एकदम येऊन पडतात आणि पुढे जाणाऱ्या गाडीत खालचा माल आधी कोणी काढत नाही. म्हणून बिल्टी करताना ट्रान्सपोर्टवाल्याला ‘किती दिवसांत पोचेल’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारा: तुमची कोलकात्याची गाडी आठवड्यातून कोणत्या वारी सुटते, माल कुठे दुसऱ्या गाडीत पलटी होतो आणि तिथून पुढची गाडी कोणत्या वारी निघते. तुमच्या गाठी गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी गोदामात पोचल्या तर तीन-चार दिवस तिथेच वाचतात.

अडीच टनासाठी स्वतंत्र गाडी करायची का? बहुधा परवडणार नाही. पण सोलापुरातून कोलकात्याला माल पाठवणारे तुम्ही एकटे नाही. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांचा माल जोडून नऊ टनी गाडी भरली तर मधला हब सुटतो. त्यात अट एकच: उतरवण्याचा क्रम भरण्याआधी ठरवा, ज्याचा माल शेवटी उतरायचा तो आधी भरा आणि प्रत्येकाचं बिल, बिल्टी, ई-वे बिल वेगळं ठेवा. एकाच्या कागदात चूक असली तर सगळी गाडी थांबते.

ई-वे बिलाकडे येऊ, कारण तुमचा दंड पूर्ण टाळता येण्यासारखा होता. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, अठराशेला नऊ दिवस. हा हिशेब पार्ट बी म्हणजे गाडीचा नंबर पहिल्यांदा भरला जातो तिथून सुरू होतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. तुमचा पार्ट बी १२ तारखेला भरला असेल, तर मुदत २१च्या मध्यरात्री संपली. हबवर गाडी बदलली, पार्ट बीमध्ये नवा नंबर टाकला, म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. सुट्टीचे दिवसही त्यातून वजा होत नाहीत. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते, म्हणजे २१च्या दुपारी चारपासून २२च्या सकाळी आठपर्यंत. हे काम त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरने करायचं असतं. त्याने केलं नाही, तुम्ही विचारलं नाही. ५ टक्के जीएसटीचे ४७,२५०, त्याची दुप्पट ९४,५००. तुमच्या दंडाचा आकडा असा आला.

यंदा दोन गोष्टी करा. पहिली: माल तुमच्या कारखान्यातून सोलापुरातल्याच ट्रान्सपोर्ट गोदामात जात असेल, तर राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंतच्या या टप्प्याला पार्ट बी लागत नाही. तुम्ही फक्त पार्ट ए (मालाचा तपशील) भरून ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका, पार्ट बी तो गाडी भरेल त्या दिवशी भरेल. पार्ट ए पंधरा दिवस चालतो. गोदामात गेलेले तीन दिवस असे तुमच्या नऊ दिवसांतून कापले जात नाहीत. कारखान्यातला मुलगा सवयीने टेम्पोचा नंबर टाकून मोकळा होतो, त्याला हे एकदा समजावून सांगा. दुसरी: प्रत्येक बिल्टीच्या कोपऱ्यात मुदत संपण्याची तारीख लाल पेनने लिहा आणि त्या दिवशी दुपारी चारला ट्रान्सपोर्टरला फोन करा. पार्टीने कोलकात्याचं ट्रान्सपोर्ट गोदाम आपल्या जीएसटी नोंदणीत जादा धंद्याची जागा म्हणून दाखवलं असेल, तर माल तिथे टेकला की प्रवास संपला, त्यापुढे मुदतीची काळजी नाही. कापडाच्या पार्ट्या हे करतात. तुमच्या पार्टीने केलंय का, ते विचारून घ्या.

मग यंदाच्या तारखा. सगळ्या ४२ गाठी एकदम पाठवू नका. ३० गाठी १० ऑगस्टला, त्या २५च्या आसपास पोचतील. उरलेल्या १२ गाठींत कोणते रंग आणि माप हवं ते पार्टीला १५ ऑगस्टनंतर सांगू द्या आणि त्या २२ ऑगस्टला काढा. वाईटात वाईट धरलं तरी ६ सप्टेंबर. ‘एवढ्या आधी पैसे अडकतात’ ही तुमची तक्रार येणारच. पूर्ण ९,४५,००० तीन आठवडे जास्त अडकले आणि बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर ते साडेसहा हजारांच्या घरात जातं. गेल्या वर्षीच्या दंडाशेजारी हा आकडा लिहून पाहा. जीएसटीही एक महिना आधी भरावा लागेल, तेवढी तजवीज ठेवा.

यात ऑगस्टची अडचण अशी. नारळी पौर्णिमा यंदा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे. सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पूर्व भागातले मागवाले, गाठ बांधणारे, शिवणाऱ्या बायका त्या दिवशी कामावर येणार नाहीत आणि आदल्या दिवशी अर्ध्या मनाने येतील. शुक्रवारनंतर शनिवार-रविवार. म्हणजे २७ ते ३० ऑगस्ट हे चार दिवस गाठप्रेससाठी नाहीतच असं धरा. हॅम्बुर्गचा कंटेनर नेमका त्याच आठवड्यात येऊन धडकतो.

तो कसा, पाहा. नाताळचा माल खरेदीदाराला वखारीत २० ऑक्टोबरपर्यंत हवा असेल, तर जहाज हॅम्बुर्गला १० ऑक्टोबरला लागायला हवं. डिसेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. त्याने प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढतो. तुमच्या बुकिंगचं जहाज कुठून जाणार ते फॉरवर्डरकडून (जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्या एजंटाकडून) लेखी घ्या आणि हिशेब मात्र वळशाचाच, चाळीस दिवसांचा, करा. १० ऑक्टोबरमधून चाळीस दिवस मागे गेलं की ३१ ऑगस्ट येतो. पण ३१चं जहाज ही तुमची राखीव जागा आहे. बुकिंग २४ ऑगस्टच्या जहाजावर करा.

कंटेनर रोल होतो तो तुमच्यावरच्या रागाने होत नाही. बुकिंग करून माल न आणणारे बरेच असतात, म्हणून कंपन्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतात. जुलै ते सप्टेंबर हा युरोपच्या नाताळचा हंगाम, तेव्हा सगळेच माल आणतात आणि कोणाला तरी मागे ठेवावं लागतं. कमी भाड्याचा, उशिरा गेट-इन झालेला (बंदरात शिरलेला) आणि कागद अर्धवट असलेला कंटेनर आधी मागे राहतो. भाड्यात फार काही हातात नाही, पण उरलेल्या दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत. बुकिंग जहाजाच्या चार आठवडे आधी घ्या. रिकामा कंटेनर न्हावा शेवाच्या यार्डातून सोलापूरला यायला एक दिवस, स्टफिंगला (माल भरायला) एक दिवस, परतीला दीड दिवस. १७ ऑगस्टला रिकामा आला, १८ला भरला, तर २०ला सकाळी बंदरावर उभा. शिपिंग इन्स्ट्रक्शन (जहाज कंपनीला द्यायचा कागदांचा तपशील) आणि व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, यांचे कट-ऑफ (शेवटच्या वेळा) गेटच्या कट-ऑफच्या आधी येतात. कंटेनर गेटवर पोचला आणि व्हीजीएम राहिलं, तर तो जहाजावर चढत नाही. स्टफिंगच्या दिवशीच वजन करून त्याच संध्याकाळी भरून टाका. पावसाळ्यातला टॉवेल आहे, गाठीच्या आतलं पॉलिथिन आणि कंटेनरमधल्या ओल शोषणाऱ्या पिशव्या विसरू नका. चाळीस दिवसांत कोंदट वास धरला की क्लेम आलाच.

एलसीचं दुखणं वेगळं. तिथे मोजतात ती बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीच्या मालपावतीवरची) माल जहाजावर चढल्याची तारीख. कंटेनर बंदरात आठ दिवस आधी पोचला होता याची बँकेला किंमत नाही. सुट्टीबद्दलही बरेच जण चुकीचं धरून चालतात. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम २९नुसार कागदपत्रं सादर करण्याची शेवटची तारीख बँकेच्या सुट्टीला आली तर ती पुढच्या कामाच्या दिवसावर जाते, पण शिपमेंटची शेवटची तारीख सुट्टीमुळे एक दिवसही पुढे सरकत नाही. म्हणून खरेदीदाराला आताच सांगा: ठरलेलं जहाज २४ ऑगस्टचं, एलसीत शेवटची तारीख १५ सप्टेंबर टाका. दोन वेळा रोल झाला तरी तुम्ही आत राहता. माल निघाल्यावर दुरुस्ती मागितली तर तिकडचा माणूस त्याची किंमत लावणारच.

या सगळ्यात गाठप्रेसचा क्रम असा पडतो: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याच्या ३० गाठी, त्यानंतर १७पर्यंत कंटेनरचा माल, १९ ते २१ उरलेल्या १२ गाठी, त्यानंतर रथ. १५ ऑगस्ट शनिवारी येतो, तोही वजा करा. मागावरचं उत्पादन यामागे जुलैत बसवावं लागेल. जुलैत काही माल पुण्याकडे पाठवायचा असेल तर आषाढी २५ जुलैला आहे, त्याआधीच्या दोन आठवड्यांत तुकोबांची पालखी पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, यवत, वरवंड या टप्प्यांत असते आणि वाहतूक वळवतात. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण मुंबईहून येणाऱ्या रिकाम्या कंटेनरच्या ड्रायव्हरला सांगावं लागतं.

दिवाळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडं. दिवाळीआधी गाडी मिळते, महाग मिळते. खरा दुष्काळ दिवाळीनंतर पडतो. उत्तर प्रदेश-बिहारचे ड्रायव्हर दिवाळीला गेले की छठ करूनच निघतात. छठ यंदा १५ नोव्हेंबरला, ते परत स्टिअरिंगवर बसेपर्यंत २०-२२ तारीख उजाडते. थंडीसाठी दिल्लीला चादरी पाठवत असाल तर ३० ऑक्टोबरच्या आत काढा, नाहीतर सरळ २३ नोव्हेंबरनंतर. मधल्या काळात भरलेला माल गोदामात पडून राहतो आणि त्याचा पार्ट बी कोणीतरी भरून ठेवलेला असतो. भाडं जुलैतच बोलून घ्या, ऑगस्ट ते नोव्हेंबर एकच दर आणि हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचा आकार) किती तासांनंतर किती, हे बिल्टीच्या अटींवर न सोडता वेगळ्या कागदावर लिहून.

राहिला चीन. तिथलं नववर्ष २०२६मध्ये १७ फेब्रुवारीला होतं, २०२७मध्ये ते ६ फेब्रुवारीला येतं. सरकारी सुट्टी आठवड्याची असली तरी कामगार दोन आठवडे आधी गावी निघतात आणि कारखाना पुरता भरतो तो पंधराव्या दिवशीच्या कंदिलांच्या सणानंतर, म्हणजे २० फेब्रुवारीनंतर. तुम्ही जानेवारीत पैसे पाठवलेत तेव्हा तुमची ऑर्डर रांगेत शेवटची होती. रॅपियरच्या पट्ट्या, ग्रिपर, इलेक्ट्रॉनिक कार्डं यांची यादी दिवाळीच्या सुट्टीत माग साफ करताना करा, कारण तेव्हाच झीज डोळ्यांना दिसते. ऑर्डर आणि आगाऊ रक्कम नोव्हेंबरअखेर, माल तिकडून १० जानेवारीच्या आत बाहेर. थोडेच भाग असतील तर समुद्राच्या फंदात न पडता विमानाने आणा, पण खोक्याचं माप आधी मागवा. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं आत पाच किलो असलं तरी कुरियरवाला त्याचं घनफळ ५,०००ने भागून १९.२ किलोचं भाडं लावतो, एअर कार्गोवाला ६,०००ने भागून १६ किलोचं. लहान खोक्यात घट्ट भरा, एवढं पुरवठादाराला चित्र काढून पाठवलं तर तो ऐकतो.